करारनामा आणि कसब
ज्या धन्याकडे विद्या शिकावी त्याच्याच धंद्यात पुढे स्वतंत्र दुकान मांडावे, ही गोष्ट मुंबईस नवी नाही. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळ्यांचे कसब शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली खिळ्यांचा स्वतःचा कारखाना काढला, आणि पाच वर्षांनी निर्णयसागर उभे केले.

१८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने अशा उद्यमास, कदाचित नकळत, मोठेच अभय दिले. विलायतेतील न्यायासने निर्बंध वाजवी की अवाजवी हे तोलीत बसत. आमच्या कलमाने, न्यूयॉर्कच्या फील्ड यांच्या मसुद्याचा कित्ता गिरवून, धंद्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरविला, आणि पेढीचा लौकिक विकणाऱ्यावरील वाजवी निर्बंधाचा काय तो अपवाद ठेवला.

पण चाकरीची मुदत चालू असताना काय? परदेशी कंपन्यांनी गुप्ततेच्या अटीवर दिलेल्या विद्येने टायरचे सूत काढणाऱ्या कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील एक पाळी-पर्यवेक्षक, १९६३ पासून पाच वर्षांचा करारनामा लिहून दिलेला असताना, पुढच्याच वर्षी अधिक पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाला. फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९६७ साली कंपनीच्या बाजूने निकाल लागला. तो मला न्याय्य वाटतो. हातात मुरलेले कसब कारागिराचे खरे, परंतु विश्वासाने हाती सोपविलेली कृती आणि दप्तर धन्याचेच. अन्यत्र नोकरीची मनाई मार्च १९६८ मध्ये संपत होती. गुपिते न फोडण्याची ताकीद त्यानंतरही कायम होती.