रेंट कंट्रोलरची परवानगी ते ११ महिने: नागपूरच्या किरायदाराची गोष्ट

आजचा भाग मी खोक्यांच्या ढिगात बसून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे आवाज थोडा घुमेल. मागच्या आठवड्यात घर बदललं. नोकरीला लागून ६ वर्षं झाली आणि हे चौथं घर. गंमत म्हणजे या वेळी मालककाका एकदम भला माणूस होता. किराया कधी थकला नाही, भांडण नाही, पाण्याच्या मोटरवरून कटकट नाही. ११ महिने संपले आणि काका म्हणाले, "बेटा, आता दुसरं बघ."

मी विचारलं, "काका, आमचं काही चुकलं का?"

"तुझं काही नाही रे. पण एका माणसाला जास्त दिवस ठेवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे."

मग चहा पिता पिता त्यांनी कारण सांगितलं. महालात त्यांचा जुना वाडा होता, त्यात एक किरायदार. त्याला काढायला काकांच्या वडिलांनी केस टाकली. वडील गेले, तरी केस चालूच होती. आणि किराया किती? आज त्यात दोघांचे तर्री-पोहेसुद्धा होणार नाहीत.

म्हणजे वाड्यातल्या किरायदाराला कोणी हलवू शकत नव्हतं आणि मला एका वाक्यात हलवलं. शहर तेच, मालकाचं घराणंही तेच. मग मधे असं काय झालं? आजचा भाग याच्यावर.

सुरुवात नागपुरातून नाही, स्कॉटलंडमधून करावी लागेल. १९१५, पहिलं महायुद्ध. ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष युद्धावर, घरात बायका आणि पोरं. मेरी बार्बर नावाची एक गृहिणी पुढे झाली आणि तिच्यासोबत हजारो बायकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. सरकारला युद्धसामग्री हवी होती, त्यामुळे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि भाडी ऑगस्ट १९१४ च्या आकड्यावर थांबवली गेली. तीच कल्पना ब्रिटिशांनी इकडे आणली. १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला.

आता नागपूर. तेव्हा आपलं शहर मुंबई प्रांतात नव्हतं, हे लक्षात ठेवा. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, म्हणजे सी. पी. अँड बेरारची राजधानी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं कमी आणि माणसं जास्त, अशी अवस्था. राजधानी म्हणून सरकारी कर्मचारी येत होते. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. जरीपटका आज ज्यांच्यामुळे ओळखला जातो, ती मंडळी. १९४६ मध्ये प्रांताने घरं भाड्याने देण्यावर कायदा केला आणि त्या कायद्याखाली १९४९ मध्ये आली रेंट कंट्रोल ऑर्डर. विदर्भातले जुने वकील आजही तिला नुसतं 'ऑर्डर' म्हणतात.

या ऑर्डरचं कलम १३ नीट ऐका. मालकाला किरायदाराला घर खाली करायची नोटीस द्यायची असेल, तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागायची. म्हणजे काढणं तर दूर, 'जा' असं कायदेशीरपणे म्हणायलाही परवानगी! आणि ती मिळायची ठरावीक कारणांसाठीच. ३ महिन्यांचा किराया थकला, किंवा नेहमीच थकवायची सवय आहे. न विचारता पोटभाडेकरू ठेवला. मालकाला स्वतःला राहायला घर हवंय आणि शहरात त्याचं दुसरं घर नाही. 'मला नवीन माणूस हवाय' हे कारण त्या यादीत नव्हतंच.

परवानगी मिळाली तरी गाडी संपत नव्हती. परवानगीवर अपील, मग हायकोर्ट. ते सगळं जिंकलात की नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी कोर्टात खाली करून घेण्याचा दावा. म्हणजे एकाच घरासाठी दोनदा लढाई. काकांच्या वडिलांचं आयुष्य कुठे गेलं, ते मला इथे कळलं.

त्याच ऑर्डरमध्ये आणखी एक गोष्ट होती. घर रिकामं होतंय हे मालकाने कलेक्टरला कळवायचं, आणि कलेक्टर सांगू शकत होता की हे घर अमुक सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला द्या. मालकाच्या बाजूने विचार केला तर हे केवढं मोठं बंधन आहे!

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण ऑर्डर तशीच राहिली. एका राज्यात तीन कायदे! मुंबई-पुण्याकडे १९४७ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा आणि आपल्याकडे ही १९४९ ची ऑर्डर.

पण सिस्टीममध्ये एक मोठा बग होता. किरायदाराला दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिळाल्या होत्या. एक, कारणाशिवाय काढणार नाही. दुसरी, भाडं जवळजवळ वाढणार नाही. मुंबईत तर प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधलेलं होतं. १९४० चा रुपया आणि १९९० चा रुपया एकच कसा? मग मालक डागडुजी करेना, भिंतींवर पिंपळ उगवले. काहींनी खोली रिकामी ठेवली, पण भाड्याने दिली नाही. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या कायद्याबद्दल सांगितलं की, प्रमाणित भाड्याची ही तरतूद एकेकाळी ठीक असेल, पण आता ती वाजवी राहिलेली नाही.

मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे गेले. वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. कारणाशिवाय काढायचं नाही, हे तत्त्व मात्र राहिलं. वीज-पाणी तोडून त्रास द्यायचा नाही, हेही राहिलं.

तुम्ही म्हणाल, मग तुला कसं काढलं?

कारण मी भाडेकरू नव्हतोच! तुमचं अॅग्रीमेंट उघडा आणि वर काय लिहिलंय बघा. 'लीव्ह अँड लायसन्स.' म्हणजे मालकाने तुम्हाला घर भाड्याने दिलेलं नाही, आत राहायची तात्पुरती परवानगी दिली आहे. १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की कागदावर नाव काय आहे त्यापेक्षा खरा व्यवहार काय आहे ते बघा. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये लायसन्सचा लेखी करार हाच अंतिम पुरावा मानला आहे. मुदत संपली की निघायचं. थांबलात तर दुप्पट शुल्क. आणि मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला, तर तुम्हाला आपली बाजू मांडायलाही आधी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी ३० दिवस.

इथे मी लॅपटॉप बंद करून दोन मिनिटं बसलो. १९४९ मध्ये 'जा' म्हणायला मालकाला परवानगी लागायची. आज 'का जाऊ?' म्हणायला आपल्याला लागते. ५० वर्षांत परवानगीचा कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

आणि हा ११ चा आकडा? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला देशभर ११ महिने सुरू झाले. पण महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे आपल्याकडे ११ महिन्यांचा फायदाच उरलेला नाही. उरली आहे ती सवय, आणि काकांच्या घरातली ती जुनी भीती.

ती भीती खोटी नाही, हे मला या वाचनात पटलं. पण तिच्यावरचा उपाय म्हणून सगळंच काढून घेतलं गेलं. जर्मनीत असलेला माझा कॉलेजचा मित्र सांगतो की त्याच्या करारात शेवटची तारीखच नाही. तिथे मालकाला खरं कारण दाखवावं लागतं आणि नोटीस किमान ३ महिन्यांची. किरायदार ५ वर्षांहून जास्त राहिला असेल तर ६ महिने, ८ वर्षांहून जास्त तर ९. पण भाडं वाढतं! मर्यादेत, ३ वर्षांत साधारण २० टक्क्यांपर्यंत, टंचाईच्या शहरांत १५. म्हणजे घराची हमी वेगळी आणि भाड्याचा आकडा वेगळा. आपण या दोन गोष्टींची गाठ बांधली, आणि सोडवताना दोन्ही फेकून दिल्या.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त २ महिन्यांचं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केला तरच तो लागू होतो.

तोपर्यंत आपल्या हातात काय? एक गोष्ट नक्की आहे. लीव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचंच असावं असं कुठेही लिहिलेलं नाही. ६० महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्काचा दर एकच आहे, ०.२५ टक्के. नोंदणी ऑनलाइन होते. म्हणून या वेळी नवीन घरी मी काकूंना सरळ विचारलं, "काकू, ३६ महिन्यांचं करूया का? दर वर्षी ५ टक्के वाढ आत्ताच लिहून टाकू. मी किराया थकवला तर काढा, नाहीतर मधेच काढायचं नाही." काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मुलाला फोन केला. मग म्हणाल्या, "३६ नको. २४ कर."

२४ तर २४! आई गावाहून येऊन राहणार आहे, तिला निदान दोन दिवाळ्या एकाच घरात मिळतील. आज संध्याकाळी खोकी उघडतोय, आणि या वेळी ती जपून ठेवणार नाही, रद्दीवाल्याला देणार आहे.

तुमचं अॅग्रीमेंट आज रात्री एकदा वाचून बघा. भेटू पुढच्या भागात!