किल्ली शेजाऱ्याच्या हाती

आपण घराला कुलूप लावून चार दिवस माहेरी जातो, तेव्हा किल्ली कुणाकडे ठेवतो? जिच्यावर भरवसा, तिच्याकडे. ती कुठल्या जातीची, कुठल्या देवाची, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. आज आम्ही अशाच एका किल्लीची गोष्ट सांगणार आहोत. किल्ली आहे एका चर्चची, आणि सांभाळतं ती मुसलमान घराणं.

हे चर्च यरुशलेम शहरात आहे. कुणी त्याला जेरुसलेम म्हणतं. अरबी भाषेत त्याचं नाव अल-कुद्स, म्हणजे पवित्र. येशूला जिथं क्रुसावर दिलं आणि जिथं पुरलं, असं ख्रिस्ती लोक मानतात, त्या जागेवर चौथ्या शतकात हे चर्च बांधलं गेलं. आज तिथं ग्रीक, आर्मेनियन, कॅथलिक असे ख्रिस्ती लोकांचेच सहा पंथ उपासना करतात. देव एकच, पण जागेवरून आणि झाडलोटीवरूनसुद्धा त्यांची भांडणं झाली आहेत. २००८ मध्ये तर दोन पंथांच्या साधूंमध्ये चर्चच्या आतच मारामारी झाली.

मग किल्ली कुणाकडे? ती असते जूदे नावाच्या मुसलमान घराण्याकडे, आणि दार उघडतं नुसैबे नावाचं दुसरं मुसलमान घराणं. किल्ली लोखंडाची, वीतभराहून लांब. दाराचं वरचं कुलूप इतकं उंच, की शिडीशिवाय हात पोचत नाही. पहाटे आतला ख्रिस्ती सेवेकरी दारातल्या लहान झरोक्यातून शिडी बाहेर देतो. बाहेरचा मुसलमान माणूस शिडीवर चढतो आणि कुलूप उघडतो. म्हणजे किल्ली बाहेर, शिडी आत. दोघं मिळून केल्याशिवाय ते दार उघडत नाही.

ही रीत आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागं बरंच रक्त सांडलेलं आहे. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्यानं ज्यू लोकांचं मोठं मंदिर पाडलं. पुढं रोमी राजवटीत ज्यूंना या शहरात राहायलाच बंदी झाली. सातव्या शतकात शहर खलिफा उमर यांच्या हाती आलं. त्यांची एक गोष्ट आजही सांगतात. ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्यांना चर्चच्या आतच नमाज पढायला सांगितलं. उमर म्हणाले, नको, मी इथं नमाज पढलो तर उद्या माझी माणसं ही जागा आपलीच म्हणतील. ते बाहेर आले आणि तिथं नमाज पढले. त्यांच्या नावाची मशीद आज चर्चच्या समोरच उभी आहे. ज्यू लोकांनाही त्यांच्या काळात शहरात पुन्हा राहता येऊ लागलं.

पण असा समंजसपणा टिकला नाही. १०९९ मध्ये युरोपातून आलेल्या ख्रिस्ती सैन्यानं शहर जिंकलं आणि मुसलमान व ज्यू लोकांची मोठी कत्तल केली. ११८७ मध्ये सुलतान सलाउद्दीननं शहर परत घेतलं. बदल्याची सगळ्यांना धास्ती होती. त्यानं कत्तल केली नाही, खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यातले बरेच गुलाम झाले, हेही सांगायला हवं. त्यानं चर्च पाडलं नाही. जूदे घराण्यातली माणसं सांगतात, की किल्ली त्यांच्याकडे आली ती याच सुलतानाच्या काळात. धरलं तर सव्वाआठशेहून जास्त वर्षं झाली.

आता तुम्ही म्हणाल, एका शहरासाठी एवढी ओढाताण कशाला? कारण हे शहर नुसतं दगडविटांचं नाही. तीन धर्मांच्या लोकांनी आपली उद्याची आशा तिथं बांधून ठेवली आहे.

ज्यू लोक देशोदेशी पांगले, तरी वल्हांडण सणाच्या रात्री पुढचा सण यरुशलेमात करू, अशी आशा ते बोलून दाखवतात. त्यांचे जुने संदेष्टे येणाऱ्या काळाचं चित्र रंगवून गेले आहेत. यशया सांगतो, की सगळी राष्ट्रं त्या डोंगराकडे येतील आणि तरवारी मोडून नांगराचे फाळ करतील. जखऱ्याचं चित्र तर आपल्या गावातलंच वाटतं. म्हातारी माणसं, म्हाताऱ्या बाया हातात काठी घेऊन चौकात निवांत बसल्या आहेत आणि रस्त्यात मुलंमुली खेळत आहेत. पवित्र नगरी कशी ओळखायची, तर म्हातारीला तिथं भीती वाटत नाही. सोन्याचा कळस त्या चित्रात नाही.

ख्रिस्ती लोकांच्या बायबलात शेवटचं पुस्तक आहे प्रकटीकरण. त्यात नव्या यरुशलेमचं वर्णन येतं. त्या नगरीला बारा वेशी आहेत आणि एकही कधी बंद होत नाही. म्हणजे तिथं किल्लीच लागणार नाही! मुसलमान लोकांचा पहिला किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, हेच शहर होतं, मक्का नंतर झाली. पैगंबरसाहेब इथूनच स्वर्गाच्या वाटेनं गेले, अशी त्यांची श्रद्धा आहे. ईसा, म्हणजे येशू, पुन्हा येतील आणि जगात न्याय होईल, असं मुसलमानही मानतात.

या आशेचा एक धागा आपल्या कोकणातही आहे. रायगड जिल्ह्यातल्या गावांमधून बेने इस्रायल लोक पिढ्यानपिढ्या राहिले. त्यांची परंपरा सांगते, की त्यांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बाया वाचल्या. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. बोली मराठी, आडनावं गावावरून. नवस फेडायला ते मलिदा करतात. पोहे, खोबरं, गोड आणि फळं ताटात मांडून एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेतात. ज्यू लोक मानतात, की चांगला काळ येणार असेल तेव्हा त्याची वर्दी हाच संदेष्टा देईल. अलिबागजवळच्या एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. इथं शेजाऱ्यांनी त्यांना धर्मावरून छळलं नाही, हे ते स्वतः अभिमानानं सांगतात.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला. मग यातली पुष्कळ कुटुंबं तिकडं गेली. ज्या नगरीचं नाव पिढ्यानपिढ्या घेतलं, तिच्या दारात पोचली. आणि तिथं काय झालं? १९६२ मध्ये तिथल्या धर्मप्रमुखांनी शंका काढली, की हे लोक पक्के ज्यू आहेत का? लग्न लावायचं तर आईकडच्या, आजीकडच्या पिढ्या तपासा, म्हणाले. विचार करा मैत्रिणींनो, धर्म स्वतःचाच, आणि दारात उभं करून आजीचा दाखला मागायचा! मराठी बोलणारी ही माणसं गप्प बसली नाहीत. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं. १९६४ मध्ये धर्मप्रमुखांना माघार घ्यावी लागली. यावरून एक कळतं. दार परधर्माच्याच माणसासाठी बंद होतं असं नाही. एकदा गाळणी हातात घेतली, की आपलीही माणसं गाळली जातात.

आज त्या भूमीवर शांतता नाही. तरी बाया थांबल्या नाहीत. इस्रायली आणि पॅलेस्टिनी बायांच्या दोन संघटना मिळून काम करतात. ४ ऑक्टोबर २०२३ ला त्या यरुशलेमात आणि मृत समुद्राच्या काठी एकत्र जमल्या. आमच्या मुलांना मारू नका, बोलणी करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. तीनच दिवसांनी हल्ला झाला. या कामात आयुष्य घातलेल्या व्हिव्हियन सिल्व्हर त्यात मारल्या गेल्या. पुढच्या युद्धात गाझामध्ये हजारो बाया आणि लेकरं गेली. एवढं होऊनही दोन्हीकडच्या काही बायांनी एकमेकींचा हात सोडलेला नाही.

ही चर्चा तयार करताना आमच्यातलीच एक म्हणाली, "एवढी हजारो वर्षं वाट बघून ती नगरी आली कुठं?" आम्हाला तिला खोटं सांगता आलं नाही. नगरी आलेली नाही. पण रोज पहाटे आतून शिडी बाहेर येते आणि बाहेरून किल्ली फिरते, हे खरं आहे. उमर दाराबाहेर थांबले, त्याची आठवण लोकांनी जपली, हेही खरं आहे. नगरी माझ्या एकटीची व्हावी, असं ज्यानं ज्यानं म्हटलं, त्याच्या हातून तिथं रक्तच सांडलं. दुसऱ्याचं दार उघडं राहावं म्हणून जो झटला, त्याच्यामुळं ती थोडी जवळ आली.

आपल्या गावातही देऊळ आहे, मशीद आहे, दर्गा आहे, बुद्धविहार आहे. बचत गटाच्या पेटीला आपण तीन कुलपं लावतो आणि तीन किल्ल्या तिघींकडे देतो. एकीनं ठरवून पेटी उघडत नाही. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. सणाला, उरुसाला, जयंतीला आपल्या गावात कुणाचं दार कुणासाठी उघडं असतं? कुणाचं अलीकडं बंद झालं? आणि ते उघडायला शिडी कोण देईल, किल्ली कोण फिरवील?

विचार करा, आम्हालाही कळवा.