शेजारणीच्या हातांतील सुई

रक्तांत रोगजंतु शिरले म्हणजे मोठा मनुष्य कण्हतो. तान्हें मूल मात्र गप्प होतें. त्याचें रडणें क्षीण होतें, तें दूध ओढेनासें होतें, अंग गार पडतें. या विकारावर औषध असूनहि खेड्यापाड्यांतून अशीं मुलें दगावत. कारण औषध दूर इस्पितळांत आणि मूल बाळंतिणीच्या खोलींत!

हें अंतर गडचिरोली जिल्ह्यांत कसें तुटलें, तो इतिहास मननीय आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. पुढें १९९५ पासून ३९ गांवांतील थोड्याबहुत शिकलेल्या स्त्रियांस घरोघर जाऊन अर्भकें तपासण्याचें शिक्षण मिळालें. वर सांगितल्यासारखीं दोन लक्षणें एकाच वेळीं दिसल्यास, आईबापांच्या संमतीनें, जेंटामायसिनची सुई टोचावी व सोबत पोटांत औषध द्यावें, हा उपचार १९९६ मध्यें सुरू झाला.

शेजारणीच्या हातीं सुई द्यावी काय? शंका रास्त होती. तिचें उत्तर १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आंकड्यांनीं मिळालें. या जंतुदोषानें आजारी पडलेल्या अर्भकांपैकीं पूर्वीं शेंकडा १६.६ मरत, उपचारानंतर तें प्रमाण २.८ वर आलें. २०११ मध्यें भारत सरकारनें ‘आशा’ सेविकांमार्फत घरोघर नवजात अर्भकांची काळजी घेण्याची योजना सुरू केली.

विद्या दिल्यानें उणी होत नाहीं, असें आपण मुलांकडून पाठ करवून घेतों. येथें ती दिली नसती, तर मुलेंच उणीं झालीं असतीं.