लोखंडावरचे पांघरूण



घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात स्लॅबचे पोपडे पडून तांबूस सळई उघडी पडली, की घरधनी सिमेंटला शिव्या घालतो. दोष देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

फ्रान्समध्ये लांबो नावाच्या गृहस्थाने 1848 साली तारेच्या जाळीवर सिमेंट थापून होडी केली. मोनिए या माळ्याने 1867 साली अशाच कुंड्यांचे पेटंट घेतले. सदा ओलीत राहूनही आतले लोखंड टिकते, याचे कारण असे: सिमेंट पाण्यात मुरताना चुना सुटतो; त्याच्या अल्कधर्माने सळईवर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो आणि गंज थोपतो. मीठ आत झिरपले की हा पापुद्रा फाटतो. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. मग काँक्रीट आतून फुटते.

मोठमोठे पूलही यातून सुटले नाहीत. ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल 1973 साली खुला झाला. त्याच्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या, आणि 1997 साली शेजारी दुसरा पूल वाहतुकीला खुला करावा लागला. पणजीचा मांडवी पूल तर 5 जुलै 1986 रोजी कोसळला. तेथेही गंजलेल्या तारांचेच नाव पुढे आले.

उपाय गुप्त नाही. भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत किनाऱ्यावरच्या बांधकामासाठी सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. लाटांचे तुषार लागतात तेथे 50. पाणी बेताचे घालावे, खारे पाणी वापरू नये, साधे सिमेंट असल्यास निदान सात दिवस काँक्रीट ओले ठेवावे.

पण हे नियम पाळतो कोण? सळईखाली सिमेंटची ठोकळी ठेवणारा बिगारी आणि गोणपाटावर पाणी मारणारी बाई. संघटनेच्या कामात एका ठेकेदाराच्या जागेवर मी पाहिले: ठोकळ्याच नव्हत्या, सळई सरळ फळ्यांना टेकली होती. पाणी मारणारी बाई तिसऱ्या दिवशी कामावरून काढली होती. मी विचारले, तर उत्तर आले, "वरून दिसते काय?"

दिसत नाही, हेच खरे. म्हणून घर बांधताना मालकाने स्लॅब ओतण्यापूर्वी एकदा वाकून सळईखाली पाहावे. त्या बाईची कापलेली चार दिवसांची हजेरी आपली मुले पुढे व्याजासह फेडतात.