वेळ वाटणाऱ्या यंत्राची कुळकथा

लाकडात जाळी कोरणारं, अॅक्रिलिकची नेमप्लेट कापणारं छोटं सीएनसी राउटर वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या शेडमध्ये दिसतं, तसं गल्लीतल्या फर्निचरच्या दुकानातही दिसतं. त्याला जोडलेला पीसी बहुधा जुना असतो. त्यावर ३२ बिटची विंडोज एक्सपी, मागे २५ पिनांचा रुंद पॅरलल पोर्ट आणि आत मॅक-थ्री हे सॉफ्टवेअर. हा पीसी एक दिवस बसतो. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो, आणि ६४ बिटच्या विंडोजवर मॅक-थ्रीचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर चालत नाही. मग घरातला कॉम्प्युटर शिकणारा मुलगा म्हणतो, व्हर्च्युअल मशीन टाकू, तिच्यात एक्सपी चालवू.

एक्सपी खरोखर चालू होते. मॅक-थ्रीही उघडतं. स्क्रीनवर सगळं जसंच्या तसं, पण जॉब कापायला घेतला की काम फसतं. पोर्ट नाही एवढंच कारण असतं तर पोर्टवाला पीसी आणून भागलं असतं. तसंही भागत नाही. याचं कारण समजून घ्यायचं तर व्हर्च्युअल मशीनचं कूळ पाहावं लागतं. मला ही कथा महत्त्वाची वाटते, कारण आपल्या शहरात एकीकडे कॉम्प्युटर इंजिनीअर तयार होतात आणि दुसरीकडे मायक्रॉनवर भांडणारे सेटर. या दोघांची गाठ नेमकी याच प्रश्नावर पडते.

हे कूळ सुरू होतं ते वेळ वाटून घेण्याच्या गरजेतून. १९६०च्या आसपास एका कॉम्प्युटरची किंमत एवढी अफाट होती, की तो एका माणसासाठी अडवून ठेवणं कुणालाच परवडत नसे. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही यंत्रणा दाखवली. अनेक माणसं आपापल्या टर्मिनलवर बसलेली, मशीन एकच, आणि प्रत्येकाला थोडा थोडा वेळ आळीपाळीने मिळणारा. या कामात रॉबर्ट क्रीसी होते. पुढे ते आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये गेले, आणि १९६४च्या अखेरीस त्यांनी व लेस कोमो यांनी एक वेगळी कल्पना मांडली. प्रत्येकाला वेळेचा तुकडा द्यायचाच आहे, तर त्या तुकड्यात त्याला अख्खं मशीनच का देऊ नये? स्वतःची मेमरी, स्वतःचा कार्ड रीडर, स्वतःचा प्रिंटर असलेलं, आयबीएम ३६०सारखंच दिसणारं, पण प्रत्यक्षात नसलेलं मशीन.

यासाठी त्यांनी सिस्टिम ३६०च्या मॉडेल ४० या मशीनमध्ये फेरफार केला. मूळ मशीनला मेमरीचे पत्ते बदलून देण्याची सोय नव्हती. तेवढ्यासाठी खास हार्डवेअर बनवून जोडलं. त्यावर सीपी-४० हा प्रोग्राम जानेवारी १९६७मध्ये नियमित कामाला लागला. एका मशीनवर १४ व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकीला २५६ किलोबाइट मेमरी. त्याच वंशातलं व्हीएम/३७० आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केलं, आणि ते कूळ मेनफ्रेमवर आजही नांदतं आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मेमरी वाटली, डिस्क वाटली, तरी ज्याच्याकडे जो हिस्सा गेला तो त्याच्याकडे राहतो. प्रोसेसर तसा वाटता येत नाही. त्याची पाळी लावावी लागते. कालव्याच्या पाण्याची पाळी असते तशीच ही पाळी: हंगामाचं पाणी हिशेबाने पूर्ण मिळालेलं असतं, पण आपली पाळी नसेल त्या घटकेला चारीत थेंब नसतो.

हा दोष नंतर कुणी शोधून काढला असं नाही, जन्मदाखल्यातच तो नोंदलेला आहे. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअल मशीनची काटेकोर व्याख्या केली. आतल्या प्रोग्रामला खऱ्या मशीनवर जसा अनुभव येतो तसाच इथे यावा, मशीनची साधनं पूर्णपणे ती वाटून देणाऱ्या वरच्या नियंत्रकाच्या ताब्यात असावीत, आणि बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालाव्यात, अशा तीन अटी त्यांनी घातल्या. पण पहिल्या अटीला त्यांनी स्वतःच दोन अपवाद जोडले: साधनं किती उपलब्ध आहेत त्यामुळे पडणारा फरक, आणि वेळेवर अवलंबून असलेल्या वागण्यातला फरक. म्हणजे आभासी मशीन सगळं खऱ्यासारखं दाखवील, वेळेची मात्र हमी देणार नाही, हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. त्या निबंधातला प्रोसेसर कसा असावा याचा भाग अभ्यासक्रमात नेहमी येतो. वेळेचा अपवाद कुणी अधोरेखित करत नाही, आणि कारखान्यासाठी महत्त्वाचा तोच आहे.

आता राउटरकडे येऊ. त्याची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. मोटरचा ड्रायव्हर १/८ मायक्रोस्टेपवर ठेवला, म्हणजे प्रत्येक पावलाचे आठ भाग केले, की एका फेऱ्याला १,६०० पल्स लागतात. स्क्रू ५ मिलिमीटर पिचचा असेल, तर १ मिलिमीटरला ३२० पल्स. फीड मिनिटाला ३,००० मिलिमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ५०. मग पोर्टच्या पिनेवरून सेकंदाला १६,००० पल्स जायला हवेत, दर ६२.५ मायक्रोसेकंदाला एक. मॅक-थ्री यासाठी विंडोजला बाजूला सारून सेकंदाला २५,००० वेळा स्वतःची घंटा वाजवून घेतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये ही घंटा खऱ्या घड्याळाची नसते. बाहेरची विंडोज कामांची पाळी बदलते ते तिच्या मूळ १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्यावर. अँटिव्हायरस जागा झाला, अपडेट सुरू झालं आणि आपली पाळी एक ठोका हुकली, तर तेवढ्यात सुमारे २५० पल्स अडकतात. मापात हे पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त होतं. त्या पल्स उशिरा पोचल्या तरी भागलं असतं, असं वाटेल. पण मोटर तेव्हा मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत होती. पल्स अचानक थांबल्या की ती झटक्याने थांबते किंवा थोडी पुढे सरकते. पुन्हा एकदम पूर्ण वेगाने सुरू झाल्या की तिला तो वेग पकडता येत नाही, ती जागीच गुरगुरते. पावलं चुकतात. अशा साध्या मशीनला एन्कोडर नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही. स्क्रीनवरचे एक्स-वाय आकडे बरोबर दिसत राहतात, आणि तिथून पुढची सगळी जाळी सरकलेली कापली जाते.

कारखान्यातल्या मोठ्या व्हीएमसी मशीनवर ही आपत्ती येत नाही. तिथे फानुक किंवा सीमेन्सचा कंट्रोलर स्वतःच्या हार्डवेअरवर अक्ष सांभाळतो, पीसी फक्त प्रोग्राम पाठवतो. १९८५मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्याभोवती पुरवठादारांची युनिटं उभी राहिली. तिथे अशाच मशीनवर एक पार्ट रिजेक्ट झाला तर बॅच अडते. त्या मशीनांनी वेळ कुणाशी वाटून घेतलेली नाही, म्हणून ती भरवशाची आहेत.

पीसीवर हे कूळ उशिरा आलं. कारण इंटेलचा प्रोसेसर पोपेक-गोल्डबर्गच्या कसोटीला उतरत नव्हता. पेंटियममध्ये अशा १७ सूचना होत्या, ज्या नाजूक होत्या पण पहारा ओलांडताना आवाज करत नसत. पॉपएफ ही त्यातली एक. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला तिच्यामुळे इंटरप्ट चालू-बंद करता येतात. पण तो गाभा कमी अधिकारावर चालवला, तर प्रोसेसर नकारही देत नाही आणि कामही करत नाही, गुपचूप पुढे जातो. वरच्या नियंत्रकाला पत्ताच लागत नाही.

१९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर कमालीचा उपाय केला: आतल्या गाभ्याचा कोड चालता चालता तपासायचा आणि अशा सूचना बदलून टाकायच्या. २००३मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या झेन या नियंत्रकाने ऑपरेटिंग सिस्टिमच बदलली, म्हणजे ती आपण आभासी मशीनवर आहोत हे जाणून वागू लागली. शेवटी हार्डवेअर मदतीला आलं. इंटेलने २००५मध्ये व्हीटी-एक्स दिलं, पुढच्या वर्षी एएमडीने आपलं दिलं, आणि २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम हा नियंत्रक आला. आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये याची खूण आजही भेटते. विद्यार्थी व्हर्च्युअलबॉक्स उघडतो आणि यादीत फक्त ३२ बिटच्या सिस्टिम दिसतात. बायोसमध्ये जाऊन व्हीटी-एक्स चालू केलं की ६४ बिटच्या दिसू लागतात. निव्वळ सॉफ्टवेअरच्या बळावर हे मशीन पुरतं उभं राहत नाही, त्याला खरं सिलिकॉन लागतंच.

उपकरणांच्या बाबतीतही हिशेब चुकवावाच लागतो. आभासी उपकरणं उभी करणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये वर्षानुवर्षं आतल्या सिस्टिमला जो मदरबोर्ड दाखवला गेला, तो १९९६चा इंटेल ४४०एफएक्स. आतल्या सिस्टिमला ओळखीचं काही तरी दिसायला हवं म्हणून. त्याच ओढीने फ्लॉपीचा कंट्रोलरही राहिला. २००४पासून त्यात पडलेली एक चूक २०१५मध्ये सापडली. तिला व्हेनम हे नाव पडलं. फ्लॉपी वापरणारं कुणीच उरलेलं नसताना, त्या आभासी फ्लॉपीच्या वाटेने व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर पडून मुख्य मशीनपर्यंत पोचता येत होतं. आभासी हार्डवेअर म्हणजे शेवटी माणसाने लिहिलेला कोड, आणि कोडात चुका असतात.

पण सगळ्यात चिवट दुखणं वेळेचंच राहिलं. २.६ आवृत्तीचं लिनक्स सुरुवातीला सेकंदाला १,००० टिक मोजून घड्याळ चालवायचं. व्हर्च्युअल मशीनमध्ये टिक हुकायच्या, घड्याळ मागे पडायचं. मग नियंत्रक राहिलेल्या टिक भराभर पोचवायचा आणि घड्याळ काही काळ धावत सुटायचं. पुढे केव्हीएमने आतल्या सिस्टिमला खरी वेळ विचारण्याची वेगळी सोय दिली. त्यामुळे किती वाजले हे बरोबर कळू लागलं, हुकलेली वेळ मात्र परत मिळाली नाही. लिनक्सच्या टॉप या कमांडमध्ये सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ असा आकडा असतो. तो चोरीला गेलेल्या वेळेचा: मी काम करायला तयार होतो, पण प्रोसेसर दुसऱ्याकडे होता. सर्व्हरवर तो दोन-चार टक्के असला तरी वेबसाइट बघणाऱ्याला कळतही नाही. मोटरला कळतं.

यावर उपाय निघालेत. सीमेन्समध्ये तयार झालेला आणि २०१३मध्ये जाहीर झालेला जेलहाउस हा नियंत्रक पाळी लावतच नाही. मशीनचे कोर तो कायमचे वाटून देतो: हा कोर या सिस्टिमचा, तो त्या सिस्टिमचा, मध्ये देवाणघेवाण नाही. तिथे वेळेचा भरवसा मिळतो. पण तो मिळवायला प्रोसेसरची वाटणीच थांबवावी लागली, आणि या कुळाचा जन्म तर वाटणीसाठीच झाला होता.

म्हणून ज्यांच्या शेडमधला जुना पीसी बसला आहे, त्यांना माझं सांगणं असं. व्हर्च्युअल मशीन जरूर वापरा: डिझाइनसाठी, जी-कोड तपासण्यासाठी, जुन्या फायली उघडण्यासाठी, पोराला लिनक्स शिकवण्यासाठी. राउटर मात्र तिच्यावर चालवू नका. पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप मिळाला तर त्यावर लिनक्ससीएनसी थेट टाका आणि तिची लॅटन्सी टेस्ट, म्हणजे पाळीला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी, चालवा. जास्तीत जास्त आकडा १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत आला तर उत्तम, ३०-५०पर्यंत चालेल, १००च्या वर गेला तर त्या पीसीकडून पल्स काढू नका. डेस्कटॉप मिळत नसेल तर पल्स स्वतः तयार करणारं इथरनेट किंवा यूएसबीचं मोशन कंट्रोल कार्ड घ्या, मग लॅपटॉप नवा असला तरी अडत नाही. यूएसबीला लावायची प्रिंटरची केबल मात्र या कामाची नाही, तिच्यावर पैसे घालू नका. आणि हीच टेस्ट व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून चांगला आकडा आला, तरी त्यावर विसंबू नका. ती ज्या घड्याळाने मोजते, तेही आभासी असू शकतं.