१३ ऑक्टोबर : रेमोंद कोपा जन्मदिन
फ्रेंच फुटबॉलपटू रेमोंद कोपा यांचा जन्म १९३१ साली उत्तर फ्रान्सच्या कोळसापट्ट्यातील नो-ले-मीन येथे, पोलिश स्थलांतरित कुटुंबात झाला. मूळ आडनाव कोपाशेव्स्की. वडील खाणकामगार. रेमोंदही चौदाव्या वर्षी खाणीत उतरले, कोळशाच्या वाघिणी ढकलू लागले. तिथल्या अपघातात डाव्या हाताचे बोट गमावले. पुढे रियल माद्रिदकडून सलग तीन युरोपियन कप, १९५८ मध्ये ‘बॅलन डी'ओर’ पुरस्कार. पण त्यांची खरी हिंमत दिसली ती १९६३ मध्ये. खेळाडूंना पस्तिशीपर्यंत क्लबच्या दावणीला बांधणाऱ्या करारांना त्यांनी उघडपणे गुलामी म्हटले आणि त्यासाठी कारवाईही सोसली. फ्रान्समध्ये ठरावीक मुदतीचे करार १९६९ मध्ये आले. कोपा यांचे निधन ३ मार्च २०१७ रोजी झाले.