बिअरचं पदक आणि जालन्याची मोसंबी

वाळूज एमआयडीसीमुळे आमच्या संभाजीनगरला बिअर काही नवीन नाही. २०१६ च्या दुष्काळात तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावलं होतं. पण आज कारखान्यांबद्दल नाही, पदकांबद्दल लिहायचंय. जगभरच्या छोट्या ब्रुअरीज ज्या पदकांसाठी धडपडतात, ती नक्की मोजतात काय?

पूर्वी ती फारसं काही मोजत नसावीत. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात आपल्या उपखंडातल्या मरी ब्रुअरीला (आता पाकिस्तानात) पदक मिळालं. पण त्या प्रदर्शनात वाफेची इंजिनं होती आणि नुकताच जन्मलेला टेलिफोनही होता! त्या गर्दीतलं पदक म्हणजे जाहिरातीची सोय.

खरा बदल अमेरिकेत झाला. १९८२ मध्ये चार्ली पपाझियनने बोल्डरला 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' सुरू केला. सुरुवातीच्या वर्षांत तिथे येणाऱ्या लोकांची मतं घेऊन विजेता ठरायचा. १९८७ पासून जाणकारांचं पॅनेल आलं: नाव झाकलेले ग्लास, आणि प्रत्येक प्रकाराची वेगळी स्पर्धा. एव्हाना १९८५ मध्ये परीक्षक तयार करणारी बीजेसीपी ही संस्थाही निघाली होती. तिच्या नियमावलीत प्रत्येक प्रकाराचे आकडे असतात. उदा. अमेरिकन आयपीए: कडवटपणा ४० ते ७० आयबीयू, अल्कोहोल ५.५ ते ७.५ टक्के.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे चक्क स्पेक आणि टेस्टिंग झालं. युजरला आवडलं का, हा प्रश्न नंतरचा, आधी स्पेकमध्ये बसतंय का ते बोला :) म्हणूनच पाणचट म्हणून हिणवली जाणारी लाइट लागरही तिच्या गटात सुवर्णपदक घेते. आणि मला ते रास्त वाटतं. तिच्यात चूक लपवायला जागाच नसते.

पण मग स्पेक कोण लिहितं? आयपीएच्या नावात इंडिया आहे, बिअर मात्र इंग्लंडात बनून जहाजाने इथे यायची. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली. ते नाव आपल्या देवळालीवरून आलेलं. जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत अडकलेल्या गोऱ्या सोजिरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडा! नाव आपलं, अर्थ त्यांनी लावलेला.

ब्राझीलवाल्यांनी यावर उपाय काढला. सांता कॅटरिना राज्यातल्या ब्रुअर्सनी गव्हाची हलकी आंबट बिअर ताज्या फळांबरोबर करायला घेतली. एकाने नाही, बऱ्याच जणांनी, पुन्हा पुन्हा. २०१८ मध्ये बीजेसीपीने 'कॅथरीना सॉर' हा प्रकार तात्पुरता मान्य केला, आणि २०२१ च्या नियमावलीत तो स्थानिक प्रकार म्हणून छापून आला. आता ती बिअर तिच्या स्वतःच्या मापाने मोजता येते.

आपल्याकडे कोकम आहे, मराठवाड्याचा केसर आंबा आहे, जालन्याची मोसंबी आहे. शेवटच्या दोघांना तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण उद्या कुणी मोसंबीची बिअर स्पर्धेला पाठवली, तर ती 'फ्रूट बिअर'च्या गटात जाईल, जगभरच्या रासबेरी-चेरीच्या शेजारी. मोसंबीचा स्वतःचा रकाना हवा असेल तर पुणे, मुंबई, नाशिकच्या चार-पाच ब्रुअरीजना तीच बिअर काही वर्षं करावी लागेल. आणि एकमेकांना रेसिपी दाखवावी लागेल, हे जास्त अवघड.